बी नव्हे, बेणं : ऊस, द्राक्ष, हळद आणि स्ट्रॉबेरीत जनुक-संपादन नेमकं कुठं अडतं?

अग्रणीकाठ (धागाकर्ता)

४ मे २०२५ रोजी जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर झाले. एक हैदराबादच्या भात संशोधन संस्थेचा ‘कमला’, सांबा मसुरीवरून केलेला. दुसरा दिल्लीच्या पुसा संस्थेचा ‘पुसा डीएसटी राइस १’, एमटीयू १०१० वरून केलेला. तेव्हापासून तासगाव-मिरज भागात एक प्रश्न सारखा ऐकू येतो: भाताला जमलं, मग उसाला, द्राक्षाला, हळदीला कधी? चर्चा लगेच कंपन्या आणि सरकारवर जाते. खरी अडचण त्याच्या कितीतरी आधीची आहे आणि ती पिकाच्या वंशवाढीच्या पद्धतीत आहे.

भातात नेहमीची वाट अशी. क्रिस्परची कात्री, म्हणजे कॅस-९ हे प्रथिन आणि त्याला जागा दाखवणारा मार्गदर्शक आरएनए, यांची जनुकं अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूमार्फत भाताच्या पेशीत घालायची. ती भाताच्याच गुणसूत्रात जाऊन बसतात. कात्री ठरलेल्या ठिकाणी कापते, पेशी ते जोडताना एक-दोन अक्षरं चुकते, आणि आपल्याला हवा तो बदल होतो. काम झालं तरी कात्रीचं जनुक आतच राहतं. पण भाताला स्वपरागणानं बी धरतं. कात्री एकाच ठिकाणी बसलेली असेल तर पुढच्या पिढीत मेंडेलच्या हिशोबानं पाव रोपं कात्रीविना निघतात. त्यातली बदल टिकलेली निवडली की परका डीएनए धुऊन निघाला. ३० मार्च २०२२ च्या केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या आदेशानं अशाच, परका डीएनए न उरलेल्या, संपादित वनस्पतींना १९८९ च्या नियमावलीतल्या ७ ते ११ या नियमांतून सूट दिली आहे.

आता आपली पिकं बघा. ऊस कांडीनं, द्राक्ष काडीनं, हळद गड्ड्यानं, स्ट्रॉबेरी धावत्या फांदीनं. सगळी बेण्यावर चालतात. बेण्यात पाव हिस्सा वेगळा निघत नाही; आई तशी लेक, कात्रीसकट. म्हणजे सूट मिळवायची जी सोपी वाट भाताला आहे, ती या चारही पिकांना नाही.

ज्यांचा या कामाशी संबंध आहे त्यांनी पीकवार लिहावं. माप, वेळ, काय बिघडतं, हे हवं आहे.

येरळाकाठ

एक शंका. उसाला तुरा येतो, बीही धरतं. नवे वाण संकरातूनच निघतात. मग उसात का धुता येणार नाही?

नीरा उजवा

धुता येईल, पण त्यासोबत वाणही धुऊन जाईल. को ८६०३२ हा को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून निवडलेला एक नमुना. उसाच्या पेशीत शंभरावर गुणसूत्रं असतात. तुऱ्यातलं प्रत्येक बी वेगळं: एकाची कांडी जाड, दुसऱ्याचा उतारा कमी, तिसऱ्याला लव जास्त. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचं संकराचं काम आंबोलीला चालतं ते यासाठीच, तिथल्या हवेत तुरा चांगला येतो. पण एका संकरातून आलेली हजारो रोपं चाळून वर्षानुवर्षं चाचण्या घेतल्यावर एखादा वाण हाती लागतो. संपादित ८६०३२ ला संकरात घातलं की समोर येतो तो ८६०३२ नव्हे. मग ८६०३२ मध्येच बदल करायचा हा मूळ हेतूच संपला.

द्राक्षात तेच. थॉमसन सीडलेसला तर संकरात मादी म्हणून वापरायला बीच धड तयार होत नाही. तास-ए-गणेश हा थॉमसनमध्येच डोळ्यात आपोआप झालेल्या बदलातून तासगाव तालुक्यात निवडलेला वाण आहे. काडीनं वाढवला म्हणून तो टिकला.

पेठनाका

उसाचं प्रयोगशाळेतलं काम टप्प्यांनी लिहितो. बातम्यांत ‘जनुक घातलं’ एवढंच येतं. त्यात जनुक घालणं दोन दिवसांचं आणि बाकी वर्षभर पेशीतून रोप परत उभं करणं असतं.

साहित्य शेंड्याचं घ्यायचं. सहा ते दहा महिन्यांच्या निरोगी उसाचा शेंडा, वाढे छाटून. ७० टक्के अल्कोहोलनं पुसत एकेक पान सोलायचं, शेवटी पेन्सिलीएवढी फिकट पिवळी सुरळी उरते. वाढबिंदूच्या लगेच वरचा पाच ते आठ सेंटिमीटरचा भाग घेऊन त्याच्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या चकत्या करायच्या. माध्यम एमएस (मुराशिगे-स्कूग, पेशी वाढवायचं नेहमीचं मिश्रण), लिटरला २० ते ३० ग्रॅम साखर, २,४-डी हे वाढसंप्रेरक ३ मिलिग्रॅम, पीएच ५.८. पूर्ण अंधार, २६ ते २८ अंश. दर दोन आठवड्यांनी नवं माध्यम.

इथं पहिला घोटाळा होतो. दोन प्रकारचा पेशीपुंज येतो. एक पांढरा-मलईसर, घट्ट, बारीक गाठीगाठींचा. दुसरा पाणचट, अर्धपारदर्शक, चिमट्याला चिकटणारा. दुसरा भराभर वाढतो, त्यामुळं नवख्या हाताला तोच चांगला वाटतो. त्यातून रोप येत नाही. दर वेळी सूक्ष्मदर्शकाखाली बसून पाणचट भाग फेकावा लागतो. चकत्या तपकिरी पडल्या तर उसातल्या फिनॉलचा त्रास आहे: कापताना चकत्या अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाच्या द्रावणात (लिटरला १०० मिलिग्रॅम) ठेवा, पाती नवी वापरा, आणि पहिल्या आठवड्यात दोनदा जागा बदला.

मग डीएनए चिकटवलेल्या सोन्याच्या कणांचा मारा. माऱ्याआधी चार तास आणि नंतर तेवढाच वेळ पेशीपुंज ०.२ मोलर मॅनिटॉल अधिक ०.२ मोलर सॉर्बिटॉल असलेल्या माध्यमावर ठेवायचा. पेशीतलं पाणी थोडं कमी होतं, कण आत शिरताना ती फुटत नाही. कण ०.६ ते १ मायक्रॉनचे, दाब ११०० पीएसआय, अंतर ६ सेंटिमीटर. डीएनए जास्त घातला तर बरं, हा समज उलटा आहे. जास्त डीएनएनं दहा-वीस प्रती एकाच ठिकाणी गुंतून बसतात आणि ऊस त्या हळूहळू मुक्या करतो. थोडा आणि फक्त लागणारा तुकडा घातला तर एक-दोन प्रती स्वच्छ बसतात.

निवड जेनेटिसिन या प्रतिजैविकावर, जनुक न बसलेल्या पेशी त्यावर मरतात. मात्रा आधी मारा न केलेल्या पेशीपुंजावर तपासून ठरवा, वाणागणिक बदलते. नंतर २,४-डी काढून उजेडात, सोळा तास दिवा. पेशीपुंज चार-पाच महिन्यांपेक्षा जुना झाला की पांढरीफटक रोपं येतात, आणि हिरवी आलेलीही शेतात बारीक कांडीची, कमी फुटव्यांची निघू शकतात. तो दोष घातलेल्या जनुकाचा नसतो, पेशीपुंजाच्या वयाचा असतो. म्हणून माध्यमातून आलेली पण मारा न झालेली रोपं शेजारी लावल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये.

अग्रणीकाठ

पेठनाका, फार उपयोगी. उसात एका जनुकाच्या किती प्रती कापाव्या लागतात तेही लिहाल का? मला वाटतं तिथंच बहुतेकांचा अंदाज चुकतो.

पेठनाका

भातात दोन प्रती. उसात साधारण दहा-बारा, आणि काही जनुकांच्या त्याहून कितीतरी जास्त. फ्लोरिडा विद्यापीठात उसाच्या काष्ठतंतूशी, म्हणजे लिग्निनशी, संबंधित सीओएमटी जनुकावर काम झालं. तिथं क्रिस्परच्या आधीची टॅलेन ही कात्री वापरून शंभराहून अधिक प्रती एकाच वेळी बदलल्या. लिग्निन कमी झालं, बगॅसमधून साखर सुटणं सोपं झालं, आणि शेतात वजनात घट दिसली नाही. २०१८ चं काम आहे. बगॅसपासून इथेनॉल करायचं तर लिग्निन हाच मुख्य अडसर, त्यामुळं आपल्या साखर कारखान्यांच्या दृष्टीनं हा प्रयोग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

त्याच विद्यापीठात २०२१ मध्ये हरितद्रव्याचं मॅग्नेशियम किलेटेज हे जनुक क्रिस्परनं कापलं. कापलं गेलं की पान पिवळं पडतं, म्हणजे यश डोळ्यांना दिसतं. पेशींना मधेमधे उष्णता दिली तेव्हा संपादन वाढलं. कॅस-९ मुळात ३७ अंशाला राहणाऱ्या जिवाणूचं आहे, २६ अंशावर ते सुस्त चालतं.

मार्गदर्शक आरएनएची जागा निवडण्याआधी आपल्याच वाणातल्या जेवढ्या प्रती वाचता येतील तेवढ्या वाचा. २०२४ मध्ये आर ५७० या वाणाचा संदर्भ जीनोम प्रसिद्ध झाला, तो मदतीला आहे. पण ८६०३२ मधल्या एखाद्या प्रतीत नेमक्या त्या वीस अक्षरांत एक फरक असेल, तर ती प्रत कापली जाणार नाही. बारापैकी चार कापल्या तर उसात काहीच फरक दिसत नाही, उरलेल्या आठ काम भागवतात.

राजापुरी

आमच्यासारख्या कॉलेजातल्या छोट्या प्रयोगशाळेत यातलं काय होऊ शकतं? मारा करायची बंदूक नाही, हरितगृह नाही. पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवणारं यंत्र), जेल (तुकडे लांबीनुसार वेगळे करायला) आणि उणे वीसचा फ्रीझर आहे.

नीरा उजवा

सर, तेवढ्यात एक अतिशय उपयोगाचं काम होतं: मार्गदर्शक आरएनए चालतो का हे नळीतच तपासणं. जिवंत काहीच बदलत नाही आणि वर्ष वाया जाणं वाचतं.

आधी उसाचा डीएनए. सुरळीतलं कोवळं पान घ्या, पिकलेलं नको. सीटॅब (पेशी फोडणारं द्रव्य) २ टक्के, पीव्हीपी (फिनॉल धरून ठेवणारं) १ ते २ टक्के, बीटा-मर्कॅप्टोइथॅनॉल ऐनवेळी घाला, ६५ अंशावर ४५ मिनिटं. गोळा तपकिरी आला तर फिनॉल आहे, बुळबुळीत आला तर शर्करा. दोन्हींत पीसीआर बसत नाही, पुन्हा काढा.

मग आपल्या जनुकाचा हजारभर अक्षरांचा तुकडा पीसीआरनं वाढवा, त्यात कापायची जागा मध्यापासून थोडी बाजूला ठेवा म्हणजे दोन तुकडे वेगळ्या लांबीचे दिसतील. ३० मायक्रोलिटरच्या नळीत कॅस-९ आणि मार्गदर्शक आरएनए प्रत्येकी ३० नॅनोमोलर. आधी या दोघांना एकत्र दहा मिनिटं २५ अंशावर ठेवा, मग डीएनए ३ नॅनोमोलर घाला. प्रमाण १०:१०:१. कॅस-९ हे साध्या निर्बंधक विकरासारखं एक कापून दुसऱ्याकडे जात नाही, कापलेल्यावरच बसून राहतं. त्यामुळं डीएनए जास्त झाला तर अर्धा न कापलेला दिसतो आणि आरएनए वाईट आहे असा चुकीचा निष्कर्ष निघतो. ३७ अंशावर १५ मिनिटं, मग प्रोटिनेज-के एक मायक्रोलिटर, दहा मिनिटं. ही शेवटची पायरी गाळली तर डीएनए प्रथिनासकट जेलच्या खाचेतच अडकतो.

तीन नळ्या बरोबर चालवाव्यात: कॅस-९ नसलेली, आरएनए नसलेली, आणि आधीच चालतो हे माहीत असलेल्या आरएनएची.

डॉगरिज

द्राक्षाकडे येतो. परका डीएनए न घालता संपादन झालेल्या बेण्याच्या पिकांत द्राक्ष बरंच पुढं आहे.

पद्धत अशी की कात्रीचं जनुक घालायचंच नाही. तयार कॅस-९ प्रथिन आणि आरएनए नळीत जुळवायचे आणि भिंत काढलेल्या एकेकट्या पेशीत सोडायचे. दोनेक दिवसांत ते प्रथिन पेशीतच मोडून जातं. धुवायला काही उरतच नाही.

काम सुरू होतं फुलोऱ्याच्या आधी. कोवळ्या घडातले परागकोश किंवा अंडाशय यांपासून भ्रूणजनक पेशीपुंज करतात. परागकोश अजून पारदर्शक-हिरवट असायला हवा. पिवळा झाला की वेळ गेली. आपल्याकडे फळछाटणीनंतर वर्षातून एकदाच ही संधी येते, आणि एका बागेत ती चार-सहा दिवसांची असते. पुंज तयार व्हायला काही महिने. मग सेल्युलेज १ ते २ टक्के, मॅसेरोझाइम ०.३ ते ०.५ टक्के, मॅनिटॉल ०.५ मोलरच्या आसपास, अंधारात हळू हलवत रात्रभर. बारीक जाळीतून गाळून, धुऊन, दोन लाख पेशींना दहा-वीस मायक्रोग्रॅम कॅस-९ आणि तेवढाच आरएनए. त्यात ४० टक्के पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल, प्रथिन पेशीत शिरायला मदत करणारं), पंधरा-वीस मिनिटं. पीईजी एकदम पातळ केलं तर पेशी फुटतात, थेंबाथेंबानं पातळ करायचं. एका पेशीपासून रोप यायला सहा महिन्यांच्या आसपास. इथंच बहुतेक वाण थांबतात: पेशी विभागतात, छोटा भ्रूण होतो, पण तो लांबट होऊन काचेसारखा पडतो आणि कोंब फुटत नाही.

याचा मोठा फायदा, रोप एकाच पेशीपासून आलेलं असतं, त्यामुळं निम्मं बदललेलं आणि निम्मं जुनं असं मिश्रण बहुधा होत नाही.

वेरोना विद्यापीठातून निघालेल्या एडिव्हिटे या छोट्या कंपनीनं शारदोने द्राक्षात डीएमआर-६ हे जनुक असं बंद केलं. हे जनुक केवड्याला, म्हणजे डाउनी रोगाला, वाट मोकळी करतं. ते बंद केलं की वेल स्वतःची प्रतिकारशक्ती वेळेत जागी करते. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हाल्पोलिचेल्ला भागात खुल्या शेतात रोपं लावली. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुणीतरी रात्री येऊन ती तोडून टाकली. माझ्या मते हे फार मोठं नुकसान होतं. केवड्याच्या फवारण्या शेतात किती कमी होतात याचं उत्तर त्याच रोपांकडून मिळणार होतं. आपल्याकडे फळछाटणीनंतर पावसाची झड लागली की केवड्यासाठी बागायतदार दिवसाआड पंप काढतो, त्याला हे उत्तर हवंच आहे.

येरळाकाठ

डॉगरिज हे तर आपल्या खुंटाचंच नाव. खुंटातूनच वरच्या काडीत बदल पाठवता येतो असं वाचलं. खरं आहे का?

डॉगरिज

खरं आहे, आणि या विषयातला मला सगळ्यात वेगळा वाटलेला प्रयोग तोच आहे. जर्मनीत पोट्सडामजवळच्या माक्स प्लांक संस्थेत २०२३ मध्ये झाला. वनस्पतीत काही आरएनए रसवाहिन्यांतून लांब प्रवास करतात, त्यांच्यावर टीआरएनएसारखी (प्रथिनाचे घटक वाहून आणणाऱ्या आरएनएसारखी) एक घडी असते. संशोधकांनी तीच घडी कॅस-९ च्या आणि मार्गदर्शकाच्या आरएनएला जोडली. असा खुंट केला, त्यावर साधी काडी कलम केली. आरएनए सांध्यातून वर चढला, वरच्या झाडाच्या पेशीत कॅस-९ बनलं, जनुक कापलं गेलं, आणि वरच्या झाडाच्या बियांत तो बदल उतरला. परका डीएनए खुंटातच राहिला. अरॅबिडॉप्सिस आणि मोहरीच्या जातकुळीतल्या ब्रासिका रापा यांच्यात हे दाखवलं.

आता द्राक्षाला लावून बघा. तिथं निकाल बियांत मोजला. आपल्याला बी नकोच, आणि थॉमसनला ते मिळतही नाही. काडीच्या डोळ्यात जर काहीच पेशी बदलल्या तर तो डोळा मिश्र. त्यातून फुटलेल्या काडीचा एक थर बदललेला आणि बाकी जुने असं होईल. म्हणजे शेकडो डोळे वेगवेगळे वाढवून प्रत्येकाची तपासणी आणि पुन्हा त्या काडीच्या डोळ्यांची तपासणी. अशक्य नाही, कारण डोळे भरणं हे आपल्या भागातलं रोजचं कौशल्य आहे, पण आज तयार पद्धत नाही. आधी डॉगरिजमध्येच कात्री बसवावी लागेल, तेही सोपं नाही.

खुंटाचा दुसरा उपयोग जुना आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रात नाशपतीमधलं पीजीआयपी हे संरक्षक प्रथिन द्राक्षात घातलं, आणि ते कलमाच्या सांध्यातून वरच्या साध्या काडीत पोचतं असं २००५ मध्ये दाखवलं. पिअर्स या द्राक्षाच्या जिवाणूजन्य रोगासाठीचं काम. तिथं फळाच्या पेशीत नवं जनुक नसतं, पण खुंट जनुकीय रूपांतरित असतो, त्यामुळं सूट लागू होत नाही.

राजापुरी

हळदीचं मी लिहितो.

हळद त्रिगुणित, ६३ गुणसूत्रं. अर्धसूत्री विभागणीत तीन संचांची नीट जोडी लागत नाही, म्हणून बी जवळजवळ धरत नाही. बियातून धुणं हा पर्याय हळदीत सुरुवातीलाच बाद. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून २००६ मध्ये सोन्याच्या कणांच्या माऱ्यानं हळदीत जनुक घालून रोपं उभी केल्याचं काम प्रसिद्ध झालं. म्हणजे पेशीतून रोप येतं, हे आपल्या शेजारीच सिद्ध झालेलं आहे.

अडचण लक्ष्याची आहे. शेतकरी म्हणेल कंदकूज थांबवा. पण कंदकूज पिथियम या बुरशीसारख्या जीवामुळं होते, पाणी साचल्यानं वाढते, कंदमाशीनं भोक पाडलं की आणखी वाढते. द्राक्षाच्या केवड्यासारखं एक जनुक बंद करून सुटणारं दुखणं ते नाही. तिथं निचरा, गादीवाफा आणि निरोगी जेठे गड्डे हेच जास्त काम करतात.

वेगळं काही सांगायचं तर कुरकुमिनचं. जपानी संशोधकांनी २००८ मध्ये भातातलं एक विकर ई. कोलाय जिवाणूत घालून कुरकुमिनवर्गीय द्रव्यं बनवली. फेरुलिक आम्ल पुरवलं की जिवाणू कुरकुमिन करतो. पण कुरकुमिन पाण्यात विरघळत नाही, पेशीला त्रास देतं, आणि लिटरमागं उतारा मिलिग्रॅममध्ये राहतो. यीस्टनं व्हॅनिलिन आणि स्टीव्हियाचे गोड घटक बाजारात आणले आहेत, त्यामुळं हेही कधीतरी येईल असं धरून चालावं. फटका बसला तर अर्क विकणाऱ्यांना बसेल. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते राजापुरी हळकुंडाचा रंग, वास, बोंडाचा आकार यांवर. हळकुंडात कुरकुमिनशिवाय तेलं असतात, ती टाकीतल्या जिवाणूत येत नाहीत.

येरळाकाठ

बीटी उसाबद्दल कुणी लिहा. खोडकिडीवर फवारणी करून दमलेले लोक विचारतात.

पेठनाका

ब्राझीलनं जून २०१७ मध्ये सीटीसी २० बीटी या उसाला मंजुरी दिली. क्राय१एबी प्रथिन, तिथल्या खोडअळीवर. आपली खोडकीड, कांडीकीड, शेंडेकीड या पतंगवर्गीय आहेत, तेव्हा तत्त्वतः त्या प्रकारचं प्रथिन लागू पडेल, पण प्रत्येक किडीवर वेगळं तपासावं लागेल. हुमणी भुंगेरावर्गीय, तिला ते प्रथिन लागू पडत नाही. लोकरी मावा रस शोषतो, त्यालाही नाही. २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात लोकरी माव्यानं जो हाहाकार केला तो शेवटी आटोक्यात आला डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींमुळं. जनुकापेक्षा मित्रकीटक कुठं जास्त उपयोगी, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे.

आणखी एक मुद्दा सहसा सुटतो. स्वच्छ दाणेदार साखरेत प्रथिन आणि डीएनए जवळपास उरत नाही, म्हणून साखरेची सुरक्षितता दाखवणं सोपं. गूळ, काकवी आणि ताजा रस यांचं तसं नाही. आणि वाढे तर थेट जनावराच्या पुढ्यात जातात. आपल्याकडे मूल्यमापन साखरेपुरतं करून चालणार नाही.

सोबत एक इशारा. क्वीन्सलँड विद्यापीठात जिवाणूचं विकर घालून उसात आयसोमाल्टुलोज ही सावकाश पचणारी साखर बनवली, आणि २००७ मध्ये काही रोपांत एकूण साखर दुप्पट झाल्याचं प्रसिद्ध झालं. तो निकाल हरितगृहातला होता. शेतातल्या चाचण्यांत तसं दुप्पट राहिलं नाही. कुंडीतल्या टक्केवारीवर एकरी हिशोब मांडू नये.

वेण्णा

स्ट्रॉबेरी राहिली. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी अष्टगुणित, ५६ गुणसूत्रं, आणि धावत्या फांदीनं वाढणारी. त्यामुळं वरची सगळी अडचण तशीच.

पण झाडाला हात न लावता झाडावरच्या जिवाणूत बदल करण्याचा प्रयोग स्ट्रॉबेरीवरच झाला होता. पानावर स्यूडोमोनास सिरिंजी नावाचा जिवाणू राहतो. त्याच्या अंगावरचं एक प्रथिन बर्फाच्या स्फटिकाचा साचा बनतं, त्यामुळं उणे दोन-तीन अंशालाच पानावर बर्फ धरतं. तो जिवाणू नसेल तर पानातलं पाणी उणे पाचच्या आसपासपर्यंत न गोठता तग धरू शकतं. बर्कलीच्या स्टीव्हन लिंडो यांनी त्या प्रथिनाचं जनुक काढलेला जिवाणू केला. तो आधी फवारला की जागा अडवून बसतो आणि बर्फ करणाऱ्याला थारा मिळत नाही. २४ एप्रिल १९८७ रोजी कॅलिफोर्नियात ब्रेंटवुडला स्ट्रॉबेरीवर फवारला. पर्यावरणात सोडलेल्या जनुकीय बदलाच्या जिवाणूची ती पहिली अधिकृत चाचणी. आदल्या रात्री तिथंही कुणी रोपं उपटली होती, तरी चाचणी झाली. दंवापासून बचाव दिसला, पण उत्पादन बाजारात आलं नाही.

वेण्णा तलावाच्या काठी हिमकण दिसतात तेव्हा पानाचं तापमान हवेपेक्षा खाली गेलेलं असतं, कारण मोकळ्या आकाशाकडे उष्णता निघून जाते. अशा हलक्या गारठ्यात हे तंत्र उपयोगी ठरू शकेल. तापमान त्याहून खाली गेलं तर नाही. फवारणी फुलांपूर्वी व्हायला हवी, आणि तांब्याची बुरशीनाशकं लगोलग मारली तर चांगला जिवाणूही मरतो. हा मार्ग मात्र जिवंत रूपांतरित जिवाणू मोकळा सोडण्याचा, त्याला २०२२ ची सूट लागू होत नाही.

माणदेशी

जनावरांचं थोडक्यात, कारण साताऱ्याचं नाव यात आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनच्या गरोळ मेंढीतलं फेक-बी हे जनुक दख्खनी मेंढीत संकरानं आणलं. बीएमपीआर१बी या जनुकातला एका अक्षराचा फरक. एक प्रत असली तरी जुळी कोकरं वाढतात. पिढ्यान्पिढ्या संकर आणि प्रत्येक कोकराची डीएनए तपासणी करून ‘नारी सुवर्णा’ उभी राहिली. आज तोच बदल भ्रूणात क्रिस्परनं एका पिढीत करता येतो. २०२५ मध्ये काश्मीरच्या कृषी विद्यापीठानं मायोस्टॅटिन (स्नायूंची वाढ रोखणारं जनुक) संपादित कोकरू जाहीर केलं.

भ्रूणात मात्र कात्री पेशी दुभंगल्यावर चालली तर कोकरू मिश्र होतं: रक्तात बदल, बीजकोशात नाही. रक्त तपासून पैदाशीचा मेंढा ठरवला तर पुढं काहीच उतरत नाही. वीर्य तपासायला हवं. आणि अमेरिकेत शिंगं न येणाऱ्या संपादित बैलांचं प्रकरण लक्षात ठेवावं. ‘परकं काही नाही’ असं सांगितलं होतं. २०१९ मध्ये अमेरिकी अन्न-औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांना त्याच जागी जिवाणूच्या प्लाझ्मिडचा (जनुक वाहून न्यायला वापरलेल्या गोल डीएनएचा) तुकडा सापडला, प्रतिजैविक-प्रतिकाराच्या जनुकांसह. बनवणाऱ्यांनी तो शोधलाच नव्हता.

अग्रणीकाठ

माणदेशींचा शेवटचा मुद्दा बेण्याच्या पिकाला जास्त लागू होतो. भातात चूक राहिली तर पुढच्या बियाण्याच्या पिढीत गाळता येते. उसात एकदा बेणं वाटलं की ती चूक पंधरा वर्षं खोडव्यासकट चालू.

काहींना वाटतं की नियम सैल करावा, एखादा परका तुकडा राहिला तर काय बिघडतं. क्री-लॉक्स पद्धतीनं (दोन लॉक्स खुणांमधला डीएनए क्री या विकरानं काढायची पद्धत) कात्री कापून काढली तरी ३४ अक्षरांची लॉक्स खूण मागं राहते, आणि नियमाच्या शब्दांत तीही परकीच. माझं मत नियम तसाच राहावा असं आहे. ब्राझीलच्या एम्ब्रापानं २०२१ मध्ये परका डीएनए नसलेले दोन संपादित ऊस, फ्लेक्स १ आणि फ्लेक्स २, तिथल्या नियामकाकडून बिगर-रूपांतरित म्हणून मान्य करून घेतले. म्हणजे उसात ते होतं. पैसा आणि माणसं पद्धत बसवण्यावर लावावीत.

येरळाकाठ

मग शेवटचा प्रश्न. एखाद्यानं ‘परका डीएनए नाही’ म्हणून उसाची संपादित रोपं दिली, तर तपासायचं काय?

नीरा उजवा

एका पीसीआरवर विश्वास ठेवू नका. कॅस-९ चे किमान दोन वेगळे भाग, निवडीचं जनुक, प्रवर्तक (जनुक चालू करणारा भाग), आणि प्लाझ्मिडचा कणा, प्रत्येकासाठी वेगळे प्रायमर (पीसीआरला जागा दाखवणारे छोटे तुकडे). सोबत उसाचंच एखादं जनुक, डीएनए चांगला आहे हे दाखवायला. धन नियंत्रण उसाच्या डीएनएत प्लाझ्मिड इतका पातळ मिसळून करा की जीनोममागं एक प्रत पडेल. घट्ट प्लाझ्मिडची पट्टी दिसली म्हणून एक प्रतही दिसेल असं नाही. ऋण नियंत्रण पाण्याचं आणि साध्या उसाचं, दोन्ही. पाण्यात पट्टी आली तर पिपेटमधून प्रदूषण आहे, सगळं रद्द.

अ‍ॅग्रोबॅक्टेरियम वापरला असेल तर त्याच्या स्वतःच्या, रोपात न जाणाऱ्या व्हीआयआर जनुकांसाठीही पीसीआर करा. रोपाच्या आत जिवाणू महिनोन्‌महिने लपून राहतो आणि कॅस-९ ची खोटी पट्टी देतो. पीसीआर स्वच्छ आल्यावर निवडक रोपांचं संपूर्ण जीनोम-वाचन, कारण तुटलेला छोटा तुकडा प्रायमरच्या बाहेर बसू शकतो.

आणि नमुना एका पानाचा घेऊ नका. पेशीपुंजातून आलेलं रोप मिश्र असू शकतं. बेट वाढू द्या, प्रत्येक फुटव्याचं वेगळं पान घ्या, फुटव्यावर खूण बांधा. जो फुटवा स्वच्छ आणि पूर्ण संपादित निघेल त्याच्याच एक डोळ्याच्या कांड्या वेगळ्या लावा आणि त्यांच्या फुटव्यांची पुन्हा तपासणी करा. दुसऱ्या लागणीतही सगळे फुटवे सारखेच आले तर मगच ते बेणं म्हणून धरा.